फडतरे काकांच्या गोष्टी

"काका, पुन्हा खोकलात."

"खोकलो न्हाई गं. गळा साफ केला."

"यंत्राला दोन्ही सारखंच. पुन्हा घ्या. 'कंडक्टरनं घंटी मारली' पासून."

फडतरे काकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "बघा गुरुजी. एवढी वर्षं एसटी स्टँडवर माईकमध्ये ओरडलो, डेपो मॅनेजरनं कधी चूक काढली न्हाई. आणि ही सातवीतली पोरगी मला परत परत सुरुवातीला नेऊन उभं करते."

"डेपो मॅनेजरला नीट ऐकू येत नसेल," मुमताज म्हणाली. तिच्या कानांवर हेडफोन होते आणि चेहऱ्यावर हसूसुद्धा नव्हतं.

आमची अंध मुलांची शाळा गावाबाहेर माळावर होती. ध्वनिमुद्रणाची खोली वगैरे आमच्याकडे कुठली असणार? धान्याच्या खोलीत ज्वारीची पोती भिंतींना उभी लावली की आवाज घुमत नाही, हे मुमताजनंच टाळ्या वाजवून शोधून काढलं होतं. पोत्यांच्या मधोमध एक खुर्ची, समोर माईक, बाजूला मी संगणक घेऊन. काका त्या खुर्चीवर बसून गोष्टी सांगायचे.

निवृत्ती फडतरे स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. निवृत्त झाल्यावर एकदा गुरुवारी सहज म्हणून शाळेत आले, आणि मुलांनी त्यांना आवाजावरून ओळखलं. "अहो, हे तर जत गाडी फलाट तीनवर लावणारे!" त्या दिवसापासून दर गुरुवारी ते येऊ लागले. त्यांच्या गोष्टी पुस्तकातल्या नसत. गाडीत लोक जे विसरून जातात, त्याच्या गोष्टी. कुणाचा तंबोरा, कुणाची कवळी, जतच्या गाडीत पाटीखाली राहिलेली कोंबडी, तिनं स्टँडवर घातलेलं अंडं आणि त्या अंड्यावरून कंडक्टर-ड्रायव्हरची झालेली मारामारी. काका ती अशी सांगायचे, की मुलं बाकावरून खाली पडायची.

मग त्यांचा घसा बसला आणि बसलेलाच राहिला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

काकांनी ते मुलांपासून लपवलं नाही. वर्गात उभं राहून, स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. मुमताजनं विचारलं, "मग तुम्ही आमच्याशी बोलणार कसे?"

"पाटीवर लिहून."

"काका, आम्हाला पाटी दिसत नाही."

काकांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "व्हय की. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही पोती हलवायला घेतली. दवाखान्यात जाईपर्यंत जेवढ्या गोष्टी होतील तेवढ्या भरून ठेवायच्या. चौदा झाल्या. शेवटची 'आटपाडीची मुक्कामी गाडी'. ती भरताना काकांचा आवाज मध्येच फाटायचा, आणि मुमताज त्यांना पुन्हा मागे न्यायची. गोष्ट संपली तेव्हा तिनं हेडफोन काढून गुडघ्यांवर ठेवले.

"झाली?" काकांनी विचारलं.

"झाली. आता घसा दुखवू नका. आता तुम्ही आत आहात."

सोमवारी काका मिरजेला गेले.

पुढचं समजायला आमच्या प्रयोगशाळेची रीत माहीत हवी. मुलांचे संगणक एका मुख्य संगणकाला जोडलेले होते, आणि तो माझ्या खोलीतल्या कपाटात होता. त्याच्यात 'गोष्टी' नावाचं एक सामाईक फोल्डर होतं; काकांच्या चौदाही गोष्टी मी त्यातच हलवून ठेवल्या होत्या. मुलांना त्यातलं काहीही घेता यायचं, पण त्यात काही ठेवता यायचं नाही आणि त्यातलं काही पुसताही यायचं नाही. गोष्ट वाजवणारं सॉफ्टवेअर मात्र एक हट्ट करायचं. ऐकणारा जिथं थांबेल तिथं त्याला खूण करून ठेवायची असे, आणि ती खूण गोष्टीच्या शेजारीच. सामाईक फोल्डरमध्ये ते खूण करायला गेलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारी यंत्रातली बाई सांगे, "परवानगी नाही." म्हणून प्रत्येक मूल गोष्ट उचलून आधी आपल्या संगणकातल्या कप्प्यात आणायचं आणि तिथं ऐकायचं. कप्पे लहान, लगेच भरून जायचे. त्यावर काकांनीच मुलांना नियम घालून दिला होता. "गाडी गेली की फलाट मोकळा करायचा. मागच्या गाडीला जागा नको का?" गोष्ट संपली की मुलं एका सुरात "फलाट मोकळा!" म्हणत, आणि पुसण्याचं बटण दाबत. आपल्या कप्प्यातली नक्कल जायची. मूळ गोष्ट सामाईक फोल्डरमध्ये सुखरूप असायची.

काका दवाखान्यात असताना आम्हाला एका संस्थेकडून नवं सॉफ्टवेअर मिळालं. ते पडद्यावरचं मराठी चांगलं वाचायचं, गोष्टीही वाजवायचं, अडखळायचं नाही. बसवायला पोळ नावाचा मुलगा आला. हसरा, कामसू. मुलांना त्यानं येतानाच पेढे वाटले.

दुपारी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, बसवताना विचारतंय, सगळ्यांसाठी बसवू का? हो म्हणू ना?"

"सगळ्यांसाठीच हवंय," मी म्हणालो.

"झालं मग. आणि आता ते 'परवानगी नाही'चं रडगाणं बंद. मी बघितलं, सॉफ्टवेअरनं स्वतःच वाट करून घेतलीय."

त्या वाक्याचा अर्थ तेव्हा त्यालाही पुरता कळला नव्हता, मला तर नाहीच. सॉफ्टवेअरला सामाईक फोल्डरमध्ये खुणा करायच्या होत्या. म्हणून बसता बसता त्यानं त्या फोल्डरची दारं सगळ्यांना सताड उघडी करून टाकली होती. वाचायला, लिहायला आणि पुसायलाही. शिवाय 'गोष्ट उघडा' म्हटलं की ते आता मुलांना त्यांच्या कप्प्यात नेत नव्हतं, थेट मूळ फोल्डरमध्ये नेत होतं. डोळस माणसाला पडद्यावर पत्ता बदललेला दिसला असता. मुलांना फक्त नव्या बाईचा गोड आवाज ऐकू येत होता, "गोष्ट सुरू होत आहे."

मुलं खूश होती. आता अडवणूक नव्हती. जो तो आपल्या वाट्याची गोष्ट मन लावून ऐके.

आठवड्याभरानं मुमताज माझ्या दाराशी आली. चौकटीला हात लावून उभी राहिली.

"सर, गोष्टींच्या फोल्डरमध्ये एकही गोष्ट नाही म्हणतंय."

"दुसरं उघडलं असशील."

"मी दुसरं उघडत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मी कपाट उघडून मुख्य संगणकासमोर बसलो. कोंबडी नव्हती. तंबोरा नव्हता. आटपाडीची गाडी नव्हती. नव्हत्या म्हणजे कुठंच नव्हत्या. संगणकातलं काही त्याच संगणकावरून पुसलं तर ते आधी कचऱ्याच्या डब्यात जातं, परत काढता येतं. दुसऱ्या संगणकावरून, तारेतून येऊन पुसलं, की डबा मध्ये येत नाही. ते मला त्या दिवशी कळलं. सीडी लिहिणारं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं, ते आलं की प्रती काढायच्या असं ठरलं होतं.

फोल्डरमध्ये फक्त खुणा उरल्या होत्या. लग्नघरातली माणसं उठून गेली आणि चपला तेवढ्या दारात राहिल्या, तशा. प्रत्येक खुणेला मुलाचं नाव, गोष्टीचं नाव, आणि कुठपर्यंत ऐकलं ते. सगळ्या खुणा शेवटापर्यंत पोचलेल्या. कोंबडी, सुशांत. कवळी, रेवती. आटपाडीची मुक्कामी गाडी, मुमताज.

खुणा वाचून झाल्यावर मी संगणक बंद केला. कुणीही खोडी केली नव्हती. प्रत्येकानं एकेक गोष्ट नीट ऐकली होती, आणि शिकवलं होतं तसा संपल्यावर फलाट मोकळा केला होता.

"सर?" मुमताज अजून दारातच होती. "काय झालं?"

"यंत्रात बिघाड झाला गं. बघतो."

पोळ दुसऱ्या दिवशी आला. मी दाखवल्यावर खालीच बसला. मुख्य संगणकाची डिस्क काढून कोल्हापूरला घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे एक तुकडा होता. बाकी सगळ्यावर नवं सॉफ्टवेअर लिहून बसलं होतं. तो तुकडा आम्ही दोघांनी ऐकला. एक खोकला, पोत्याची खसखस, आणि मुमताजचा आवाज, "पुन्हा घ्या." काकांचा शब्द एकही नव्हता. पोळ माझ्यासमोर रडला. मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

बिघाडावर मुमताजचा विश्वास बसला नाही. "बिघाड झाला तर आमच्या कप्प्यांतलंही जायला हवं होतं," ती म्हणाली. "कुणीतरी काढल्यात." आणि तिनं चौकशी सुरू केली. जेवणाच्या पंगतीत एकेकाला विचारू लागली. पाचवीतला सुशांत घाबरून रडला, तर मुलं त्यालाच चोर म्हणू लागली. मी ओरडलो, दोन दिवस सगळे गप्प बसले. ती गप्प बसली नाही. तिला त्या फोल्डरमधल्या खुणा सापडल्या होत्या.

अशात एका गुरुवारी काका आले. गळ्याभोवती मफलर, आणि त्याखालच्या भोकातून श्वासाची बारीक शीळ. खांद्याला पिशवी, पिशवीत पाटी.

मी त्यांना आधी माझ्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. खुणांसकट, नावांसकट. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मग पाटीवर पेन्सिल चालली. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली.

'पोरं शहाणी. सांगितलं तशी वागली.'

मी म्हणालो, "त्यांना कळलं नाहीये. मी बिघाड म्हणून सांगितलंय."

त्यांनी मान डोलवली, आणि वर्गाकडे बोट केलं.

वर्गात त्यांचं पाऊल पडताच मुलं उठली. आवाज नव्हता, पण श्वास होता, चपलेची करकर होती. "काका!" म्हणत मुलांनी त्यांना घेरलं. कुणी हात धरला, कुणी सदरा, कुणी मफलर चाचपला. रेवतीनं विचारलं, "दुखतंय का?" काकांनी तिच्या हातात आपलं डोकं देऊन ते नाही नाही असं हलवलं, आणि मुलं खुदखुदली. घटकाभर मला वाटलं, निभेल.

मुमताज जागची उठली नव्हती.

"सर, एक विचारायचंय. काकांसमोरच विचारते. त्या खुणा सामाईक फोल्डरमध्ये कशा आल्या? आम्ही तर आपापल्या कप्प्यात ऐकतो. तिथं खूण करायला परवानगीच नाही."

"नव्या सॉफ्टवेअरनं..." मी सुरुवात केली.

"म्हणजे आता परवानगी आहे? खूण करायची परवानगी आहे, तर मग..." ती थांबली. विचार करताना तिची मान एका बाजूला कलायची, तशी कलली. "शेवटची गोष्ट मी ऐकली. खुणेवर माझंच नाव आहे. संपल्यावर मी नेहमीसारखं..."

पाटीवर पेन्सिल जोरात आपटली. सगळी मुलं दचकली. काका भराभर लिहीत होते. लिहून त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली, आणि बोटानं खुणावलं, वाचा.

मी वाचलं, मनात. आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा बोट आपटलं.

"काका म्हणतायत," मी म्हणालो, "'गोष्टी मीच काढायला लावल्या.'"

"खोटं," मुमताज म्हणाली.

"पाटीवर तेच लिहिलंय."

"का? का म्हणून?"

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. मी वाचलं, "माझा आवाज मला ऐकवत नाही आता. घरात नको, शाळेत नको. म्हणून दवाखान्यातून गुरुजींना निरोप दिला, काढून टाका."

"आणि तुम्ही काढल्यात, सर?"

काकांचे डोळे माझ्यावर होते. त्यांच्यात एवढी विनवणी होती, की तेवढी मी नंतर कुणाच्या डोळ्यांत बघितली नाही.

"हो," मी म्हणालो.

मुमताज उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "काका, त्या तुमच्या नव्हत्या. तुम्ही आम्हाला दिल्या होत्या. दिलेली वस्तू परत घेतात होय? मी तुम्हाला एकेका खोकल्यासाठी मागे नेलं. तेव्हाच सांगायचं होतं, ठेवायच्या नाहीत म्हणून."

काकांनी पाटी पिशवीत ठेवली.

ती बाकांना हात लावत बाहेर गेली. बाकीची मुलं हळूहळू काकांच्या जवळ सरकली. लहान मुलं लवकर क्षमा करतात. सुशांत तर त्यांच्या मांडीवरच जाऊन बसला. त्याला आता कुणी चोर म्हणणार नव्हतं.

काका येत राहिले. पाटीनं काम भागेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडून ब्रेल शिकायला घेतली. म्हाताऱ्या विद्यार्थ्याला शिकवण्यासारखा आनंद नाही. सहा टिंबांचा घोळ करायचे, कपाळाला हात लावायचे, पुन्हा बसायचे. मग मुलांच्या तळहातावर बोटानं ती टिंबं टोचून ते बोलू लागले. मुलं त्यांच्या चुका काढत. "काका, 'बस'चं 'मस' झालं!" तळहात पुढे करून रांगेत बसायची, आणि काका या हातावरून त्या हातावर जायचे. एकेक शब्द, कधी अर्धं वाक्य. गोष्ट व्हायची नाही. गोष्टीला फार टिंबं लागतात.

मुमताजही त्या रांगेत बसायची. तिला बसावंच लागे, वर्ग होता. पण तिचा हात मिटलेला असे. काका तिच्यापाशी आले की टोचायला जात नसत. तिच्या मुठीवर आपला पंजा ठेवत, थोडा वेळ तसाच ठेवत, आणि पुढच्या मुलाकडे जात. दर गुरुवारी.

मी एकदा त्यांना म्हणालो, "सांगून टाकू का तिला? मोठी होतेय, समजून घेईल."

त्यांनी माझाच तळहात ओढून घेतला आणि टोचलं, 'नको.' एकही चूक नव्हती.

ऊसतोडणीच्या दिवसांत ते गेले. मी मुलांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुमताज आली नाही. अभ्यास आहे म्हणाली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त होऊन गावातच राहतो. शेजारची मुलं पाढे म्हणायला येतात. मुमताज सांगलीला एका कचेरीत आहे. आधी टेलिफोनवर होती, आता संगणकावर टपालाची नोंद करते. दर ईदेनंतर शिरखुर्म्याचा डबा घेऊन येते. यंदा लेकीला घेऊन आली. लेक डोळस आहे, सगळीकडे पळत असते. ती अंगणात गेली तशी मुमताज म्हणाली,

"सर, आमच्या कचेरीत गेल्या महिन्यात नवं सॉफ्टवेअर बसवलं."

"बरं."

"दुसऱ्या दिवसापासून सामाईक फोल्डरमधल्या फायली जायला लागल्या. साहेब आमच्यावर ओरडले. मग संगणकाचा माणूस आला. म्हणाला, कुणी मुद्दाम काही केलेलं नाही, बसवतानाच परवानग्या सैल झाल्यात. कुणीही जाता जाता काढू शकतं, काढणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि तारेवरून काढलेलं डब्यात जात नाही."

मी डबा उघडत होतो. तसाच राहिलो.

"मी त्याला समजावून द्यायला लावलं. दोनदा. त्याला वाटलं, बाईंना कळत नाहीये."

"मुमताज..."

"काकांनी निरोप दिला नव्हता ना?"

मी उत्तर दिलं नाही. आंधळ्या माणसाला गप्प बसणं डोळसापेक्षा स्पष्ट ऐकू येतं, हे मी जन्मभर त्या मुलांत राहून शिकलो होतो.

"नव्हता," ती स्वतःच म्हणाली.

"तुम्ही सगळीच पोरं होतात. सांगितलं तसं केलंत. ते कुणाचंच..."

"ते जाऊ द्या, सर. गोष्टींचं मला आता तेवढं वाटत नाही." तिनं उजव्या हाताची मूठ मिटली आणि डाव्या हाताचा पंजा तिच्यावर ठेवला, जसं काही ती माप घेत होती. "ते मूठ उघडायला कधी बघायचे नाहीत. नुसता हात ठेवायचे वर. मला वाटायचं, चूक केलेला माणूस असाच हात ठेवतो."